पुढच्या फेरीला स्टीलची बादली

“जया, ह्यो रस्ता न्हाई, भित्ताड हाय,” शिदू म्हणाला, आणि सायकल खांद्यावर टाकून सरळ माघारी फिरला.

मी मागून त्याची जर्सी धरली. खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत नव्हतं. मलेशियातल्या इपोह गावचा तो सायकलचा ट्रॅक आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघत होतो. सिमेंटचा, लंबगोल, आणि वळणावर असा उभा चढवलेला, की वरच्या कडेला ठेवलेली माझी पाण्याची बाटली गडगडत खाली आली आणि आमच्या पायांशी थांबली. आम्ही सराव करून आलो होतो तो सपाट मैदानावर, फक्कीच्या रेघा मारून. तिथं वळताना सायकल कलायची. इथं जमीनच कललेली होती.

“जत्रंत मौत का कुवा बगितलायस न्हवं?” मी विचारलं.

“बगितलाय. लांबनं.”

“त्यो मोटरसायकलवाला पडतो का?”

“त्यो कशाला पडंल? त्येचं पोट हाय त्येच्यावर.”

“मग तुजं कशावर हाय?”

शिदूनं जरा विचार केला आणि सायकल खांद्यावरून उतरवली. पहिल्या वळणावर तो भीत भीत, हळू गेला, आणि पोतं घसरावं तसा वरून खाली आला. कोपर सोललं, मांडी सोलली, आणि सिमेंटला त्यानं मोजून तीन शिव्या दिल्या. “हळू जाऊ नगंस,” मी ओरडलो, “जोरात मार, मंजे चिकटशील!” दुसऱ्या खेपेला त्यानं खाली मान घालून असा जोर मारला की थेट वरच्या कडेला जाऊन पोचला, आणि तिथून त्याची जी आरोळी आली ती अजून माझ्या कानांत आहे. मग तो उतरायलाच तयार होईना. बत्तीस वर्षांचा बाप्या, नऊ वेळा राष्ट्रीय विजेता, आणि पाळण्यात बसलेल्या पोरासारखा खिदळत चाळीस फेऱ्या मारत राहिला.

मी जयपाल मगदूम. तेव्हा रेल्वेत नोकरीला होतो आणि देशाच्या सायकल संघाचा मिस्त्री म्हणून गेलो होतो. संघ म्हणजे चार खेळाडू, एक मॅनेजर आणि मी. चांगल्या परदेशी चाकांची जोडी चौघांत मिळून एकच. एकाची शर्यत संपली की मी पळत जाऊन त्याच्या सायकलची चाकं काढायचो आणि पुढच्याच्या सायकलला बसवायचो. आशियाई चषकात तोवर आम्हाला एकही पदक नव्हतं. पदक लांब राहिलं, शेवटून दुसरं यावं एवढीच आमची महत्त्वाकांक्षा असायची, आणि त्यासाठी आमच्याहून गरीब एखादा संघ स्पर्धेत यायला लागायचा. त्या वर्षी तसा कुणी आला नव्हता.

पहिल्या तीन दिवसांत आमचे तिघं हरून मोकळे झाले. चौथ्या दिवशी सकाळी मॅनेजर खासनीस साहेबांनी मला आणि शिदूला खोलीत बोलावलं. खासनीस साहेब पुण्याचे, निवृत्त अधिकारी, अतिशय सज्जन माणूस. त्यांना सायकल चालवता येत नव्हती, पण नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं.

“दिल्लीहून पत्र आहे,” ते म्हणाले. “या वेळीही पदक नाही मिळालं, तर पुढच्या वर्षीपासून सायकलचा संघ परदेशी पाठवायचा नाही, असं ठरतंय.”

“कदीच न्हाई?” शिदूनं विचारलं.

“शेवटच्या ओळीचा अर्थ तरी तसाच होतो, ऐवळे.”

शिदूच्या तोंडचं पाणी पळालं. शिदराम ऐवळे देशात राजा होता; पंजाबपासून केरळपर्यंत त्याच्या मागच्या चाकाची धूळ खाल्ली नाही असा सायकलवाला नव्हता. पण देशाबाहेर तो सहा वेळा गेला आणि सहाही वेळा शेवटचा आला. गावात लोक विचारायचे, “शिदू, इमानात जेवान चांगलं देत्यात का रं?” त्याला ते फार लागायचं. आणि बत्तिसाव्या वर्षी आता संघच बंद होणार म्हणजे त्याचं नाव कायमचं ‘शेवटचा’ म्हणूनच राहणार होतं.

“आज तुमची गुणांची शर्यत आहे,” साहेब समजावू लागले. “साठ फेऱ्या. दर दहाव्या फेरीच्या आधी घंटा वाजते. त्या फेरीत पहिल्या चौघांना गुण : पाच, तीन, दोन, एक. साठाव्या फेरीचे मात्र दुप्पट. शेवटी ज्याचे गुण जास्त, तो जिंकला.”

“मंजे धाव्या फेरीला पळायचं?” शिदूचे डोळे चमकले. “परत इसाव्या? परत तिसाव्या?”

“मुळीच नाही! तुमची जुनी खोड मला ठाऊक आहे. मागे राहा. दम राखा. फक्त शेवटच्या, दुप्पट गुणांच्या फेरीला निघायचं. कळलं?”

शिदूनं मान खाली घातली. “कळलं, साहेब.”

ही जुनी खोड काय होती ते सांगायला हवं. मिरजेकडच्या आमच्या शिरसगी गावात बिरोबाच्या जत्रेला सायकलींच्या शर्यती लागतात. गावाभोवती वीस फेऱ्या. शेवटी जो पहिला येईल त्याला मानाची ढाल. पण मधल्या फेऱ्यांनाही हौशी लोक बक्षिसं लावतात. शर्यत चालू असतानाच माइकवरून पुकारा होतो, ‘पुढच्या फेरीला पहिला येणाऱ्या सायकलपटूस शिरसगीचे प्रगतशील बागायतदार श्रीयुत अमुकतमुक यांचेतर्फे एक स्टीलची बादली!’ आमच्या वेळी माइकवर माझा आदूमामा असायचा. शेवटच्या रेघेवर पंच म्हणूनही तोच उभा राहायचा, कारण दुसऱ्या कुणाला तेवढी मोठी मिशी नव्हती.

शिदू तेव्हा अठरा वर्षांचा होता, मी वीसचा. तो सायकलला किटल्या अडकवून मिरजेला दूध घालायचा, आणि त्याच सायकलवर, किटल्या काढून, शर्यतीत उतरला होता. बादलीचा पुकारा झाला की त्याच्या अंगात यायचं. त्या दिवशी त्यानं मधली सगळी बक्षिसं एकट्यानं उचलली. बादली, कळशी, डबा, परात, तांब्या, सगळं. आणि शेवटच्या फेरीत ढाल मात्र माझ्याकडून अर्ध्या चाकानं हरला. सगळं गाव म्हणालं, बादलीपायी ढाल घालवली. पुढं आमच्याकडं ती म्हणच झाली. पोरीनं चांगलं स्थळ नाकारलं तरी बायका म्हणायच्या, बादलीपायी ढाल घालवली बघा.

ढालीमुळं मी जिल्ह्याच्या संघात गेलो, तिथून रेल्वेत चिकटलो. शिदू आणखी चार वर्षं दूधच घालत राहिला. नंतर तो वर आला तो स्वतःच्या पायांच्या जोरावर, पण त्यानं कानाला खडा लावला होता. शेवटच्या फेरीआधी म्हणून पळायचं नाही. देशात हे चालून जायचं, कारण त्याच्या पायांत दोघांचं बळ होतं. परदेशात, रस्त्यावरच्या शर्यतींत, तो शेवटच्या फेरीची वाट बघत मागं बसायचा, आणि ती येईपर्यंत बाकीचे अर्धा मैल पुढं गेलेले असायचे.

दुपारी चारला शर्यत सुटली. अठरा सायकली. चार-पाच हजार माणसं, त्यांत निम्मे तिथले तमिळ, आणि ती मंडळी आमच्याशी काहीही संबंध नसताना ‘इंडिया, इंडिया’ म्हणून घसा फोडत होती. मी आतल्या मैदानात, ट्रॅकच्या निळ्या पट्टीला लागून पाना आणि पंप घेऊन उभा. शेजारी खासनीस साहेब, पेन्सिल आणि वहीसकट.

पहिली घंटा झाली. जपान, कोरिया, इराण, तैवान, सगळे भिंतीवर चढले आणि घारींसारखे खाली झेपावले. शिदू शेवटी. पोळ्याच्या दिवशी गोठ्यातच बांधून ठेवलेल्या बैलासारखं त्याचं तोंड झालं होतं. जपान्याला पाच, कोरियनला तीन, उंच इराण्याला दोन.

“छान, छान,” साहेब वहीत लिहीत म्हणाले. “दम राखतोय.”

दम कसला राखतोय, कुढत होता तो. माझ्यासमोरून दर पंचवीस सेकंदांनी ते पडलेलं तोंड जात होतं. सोळाव्या फेरीला ते पुन्हा गेलं, आणि काय झालं ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. माझ्या अंगात आदूमामा संचारला. मी तोंडाभोवती दोन्ही हात धरले. शिदू समोरून जायला दोन सेकंद लागायचे, म्हणजे पुकारा हप्त्याहप्त्यानंच करावा लागणार होता.

सतराव्या फेरीला मी ओरडलो, “पुढच्या फेरीला पहिला येणाऱ्या सायकलपटूस!”

शिदूची मान झटकन वळली. अठराव्याला, “शिरसगीचे प्रगतशील बागायतदार…” आणि तो गेला. एकोणिसाव्याला एवढंच म्हणायला वेळ होता :

“एक! स्टीलची! बादली!”

आणि घंटा वाजली.

शिदूच्या तोंडावर जे हसू फुटलं ते बघून साहेबांच्या हातातली पेन्सिल पडली. तो मागून असा उठला, भिंतीवर चढला, कोरियाच्या वरून, इराणच्या वरून, आणि तिथून दूधवाल्या सायकलचा तो जुना जोर लावून खाली आला. दोन सायकली पुढं राहून त्यानं रेघ ओलांडली. तमिळ मंडळी बाकांवर चढली. मी पंप हवेत उडवला आणि तो कुठं पडला ते बघितलंच नाही.

पुढच्या फेरीला शिदूनं जाता जाता विचारलं, “कडीची का?”

“कडीची!” मी ओरडलो.

“मगदूम!” खासनीस साहेबांनी माझा दंड धरला. “हा काय प्रकार आहे? तो पळाला!”

“साहेब, पाच गुण मिळाले.”

“पण दम? दमाचं काय?”

“दमाचं मी बघतो. तुम्ही लिहा.”

सत्ताविसाव्या फेरीपासून मी कुकर लावला. पाच लिटरचा. एकोणतिसाव्याला ‘शिट्टीसकट’ अशी भर घातली. या खेपेला कोरियन सावध होता. रेघेवर तो शिदूच्या वीतभर पुढं निघाला. शिदूला तीन गुण मिळाले, पण त्याला त्याचं काय! पुढच्या फेरीला तो लाल तोंडानं माझ्यासमोरून गेला आणि खेकसला, “शिट्टी तरी दे!”

मी हसून हसून गुडघ्यांवर बसलो. साहेबही हसू दाबत होते, पण वहीत बघितल्यावर ते एकदम गंभीर झाले. “मगदूम,” ते हळूच म्हणाले, “कोरिया अकरा, जपान नऊ, ऐवळे आठ. आपण तिसरे आहोत.” आपण तिसरे आहोत, हे वाक्य देशाच्या सायकलच्या इतिहासात कुणी उच्चारलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःशीच आणखी दोनदा म्हणून बघितलं.

चाळिसाव्याला मी भिंतीवरचं घड्याळ लावलं, टोले देणारं. पण आता सगळ्यांना कळून चुकलं होतं की घंटा वाजली की हा निळ्या जर्सीचा माणूस पिसाळतो. जपानी पुढं, कोरियन बाजूला, असं त्यांनी शिदूला कोंडून धरलं आणि इराण्यानं पाच गुण नेले. शिदूला भोपळा. पन्नासाव्याला मी थेट म्हैस लावली.

“म्हैस नगं,” शिदू धापा टाकत म्हणाला, “वैरन कोन…” पुढचं वाक्य वाऱ्यावर गेलं.

म्हशीसाठी तो जीव तोडून पळाला, पण चौथा आला. एक गुण. इराणी तिसरा आला आणि आमच्या पुढं गेला. इराण अकरा, शिदू नऊ. आता शेवटच्या दुप्पट गुणांच्या फेरीत इराण्याच्या पुढं राहिला तरच कांस्यपदक, नाहीतर काहीच नाही. आणि शिदूची दशा तर बघवत नव्हती. खांदे हलायला लागले होते, तोंडाला फेस होता. एकेक सायकल त्याला ओलांडून जात होती. पंचावन्नाव्या फेरीला तो पुन्हा आपल्या नेहमीच्या जागी होता, शेवटी.

“मी सांगत होतो,” खासनीस साहेब रडवेल्या आवाजात म्हणाले. “दम राखायला हवा होता. तुम्ही त्याला बादल्यांच्या नादी लावलंत, मगदूम.”

शिदू समोर आला. या वेळी त्यानं हँडलवरून मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “गेलं, जया. पुन्ना बादलीपायी गेलं.”

ते मला ऐकवेना. कारण एक गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती जगात माझ्याशिवाय फक्त आदूमामाला ठाऊक होती, आणि आदूमामा आता जिवंत नव्हता.

शिदू ती ढाल हरलाच नव्हता. शेवटच्या फेरीला आम्ही दोघं जोडीनं रेघेवर आलो तेव्हा मी मान खाली घालून सायकल मारत होतो, आणि चुन्याची रेघ मला स्वच्छ दिसत होती. तिच्यावरून आधी त्याचं चाक गेलं. अर्धं चाक, पण त्याचं. मामानं माझा हात वर केला. मी मामाकडं बघितलं, मामानं माझ्याकडं बघितलं, आणि माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं. मामानं पंच म्हणून दिलेला निकाल. शिदूचा बाप जत्रेत हलगी वाजवणारा. कोण कुणाला विचारणार? लोकांना कारणही लगेच सापडलं, बादलीपायी ढाल घालवली. शिदूनंही ते खरं मानलं. त्या एका खोट्यावर माझी नोकरी उभी होती आणि त्याच खोट्यानं त्याला चौदा वर्षं मागं बसायला शिकवलं होतं. माझा जिवलग मित्र होता तो. माझ्या लग्नात माझ्याहून जास्त नाचला होता. आणि मी त्याला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

छप्पन्नावी फेरी गेली. मी कुकर-घड्याळ सगळं विसरलो. सत्तावन्नाव्याला शिदू समोर आला तसा मी सगळा जीव गोळा करून ओरडलो :

“ढाल!”

त्याची मान हलली. अठ्ठावन्नाव्याला :

“शिरसगीची ढाल तुजीच हुती!”

एकोणसाठाव्याला मी निळी पट्टी ओलांडून जवळजवळ ट्रॅकवरच गेलो. खासनीस साहेबांनी मागून माझा पट्टा धरून ठेवला होता.

“अर्दं चाक तू फुडं हुतास! बादली घिऊनबी जिकला हुतास, शिद्या! मी लबाड! मी ल…”

आणि माझ्या डोक्यावरच घंटा घणघणली.

पुढचे पंचवीस सेकंद सांगायचे तर मला नीट बघताच आलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. एवढं दिसलं की शेवटच्या जागेवरून एक निळा ठिपका भिंतीवर चढला, इतका वर की वरच्या कठड्याला टेकलेल्या माणसांनी हात मागं घेतले. समोरच्या बाजूला तो दहावा होता. तिथून पुढं तो सहावा झाला. शेवटच्या वळणावर इराणी त्याला अडवायला वर सरकला, तर हा त्याच्या खालून निघाला. मग कोरियन, मग जपानी. हजारो माणसं एका सुरात काहीतरी ओरडत होती, ते शिदूचं नाव नव्हतं, त्यांना त्याचं नाव ठाऊकच नव्हतं. रेघ आली तेव्हा शिदू पहिला होता, आणि त्याच्यामागं अख्खा आशिया होता.

साहेबांनी बेरीज केली. मग परत केली. मग वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “मगदूम, तुम्ही करा. माझ्याकडून होत नाही.” जपान तेवीस, कोरिया वीस, शिदू एकोणीस. कांस्य. देशाचं पहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि एवढा शिस्तीचा माणूस, त्यानं माझ्या ग्रीस लागलेल्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके दिले.

पदक झालं, झेंडा झाला, फोटो झाले. तासाभरानं ऊन कललं, आणि सगळे संघ मैदानात आपापल्या सायकली खोलून खोक्यांत भरायला लागले. मी शिदूच्या सायकलची ती एकुलती एक चाकं काढत होतो. तो शेजारी गवतावर पाय पसरून बसला होता, गळ्यात पदक, हातात केळ्यांचा घड. मी मान वर करत नव्हतो. त्यानं ऐकलं होतं. आता तो काय म्हणतो, याची मी वाट बघत होतो.

सहावं केळं सोलत तो म्हणाला, “जया, शेवटाला कसली ढाल लावली हुतीस रं?”

माझा पाना थांबला.

“‘ढाल’ एवडंच आयकू आलं बग,” तो म्हणाला. “फुडं कायबाय बोंबलत हुतास, पर माजं कान गच्च झालतं. मी म्हनलं, म्हैस गेली, आता ढाल तरी घ्यावी. चांदीची हुती का?”

त्याला काही कळलं नव्हतं. चार-पाच हजार माणसांसमोर मी माझं पाप ओरडून सांगितलं होतं, आणि मराठी समजणाऱ्या एकुलत्या एक माणसाला, खासनीस साहेबांना, तो आणखी एक बक्षिसाचा पुकारा वाटला होता. मी सुटलो होतो. ‘व्हय, चांदीची,’ एवढं म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. शिदू केळं खात होता. त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की तो मोडायचं जिवावर आलं. आणि खरं सांगतो, नोकरीही आठवली.

“शिरसगीची,” मी म्हणालो. “आपल्या वक्ताची. ती तू जिकली हुतीस, शिदू. रेगंवर आदी तुजं चाक गेलं. मी डोळ्यांनी बगितलं. मामानंबी बगितलं. आमी बोललो न्हाई.”

शिदू चावायचा थांबला. केळं हातात तसंच राहिलं. मी मार खायच्या तयारीनं बसलो होतो. पाना आधीच लांब ठेवला होता.

“अर्दं चाक?” तो म्हणाला.

“अर्दं चाक.”

“माजं फुडं?”

“तुजं फुडं.”

“मंजे बादली घिऊन?” त्याचा आवाज चढायला लागला. “कळशी घिऊन? परात, तांब्या, डबा, समदं घिऊन वर ढालबी? मंजे मी घालवली न्हवती?”

“न्हाई घालवलीस.”

राग त्याला आला. पण तो परतीच्या विमानात आला, आणि चांगला तीन महिने टिकला; तेवढे दिवस तो माझ्याशी फक्त चाकांबद्दल बोलायचा. त्या घडीला मात्र तो उठला. दोन्ही हात वर करून त्यानं अशी आरोळी ठोकली की शेजारचा जपानी हातातल्या खोक्यासकट खाली बसला. मग शिदू नाचायला लागला. अनवाणी, एका हातात केळं, गळ्यातलं पदक पाठीवर जाऊन खांद्यांवर आपटतंय, त्याकडं लक्षच नाही.

“पुकार!” तो माझ्यावर ओरडला. “मामासारका पुकार! आत्ताच्या आत्ता!”

“हितं?”

“हितंच! समद्यास्नी आयकू दे!”

मी सायकलच्या खोक्यावर चढून उभा राहिलो. हात तोंडाशी धरले आणि मामाच्या आवाजात, चौदा वर्षं उशिरा, पुकारा केला : “श्री बिरोबाच्या यात्रेनिमित्त आयोजित केलेल्या भव्य सायकल शर्यतीमध्ये, वीस फेऱ्यांमध्ये, पहिला नंबर! मानाच्या ढालीचे मानकरी! शिरसगीचे सुपुत्र! शिदराम! यल्लाप्पा! ऐवळे!”

मैदानातले सगळे वळून बघायला लागले. मग कोरियन टाळ्या वाजवायला लागले. त्यांचं बघून जपान्यांनी वाजवल्या, तैवानवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि तो उंच इराणी, ज्याचं पदक आम्ही तासाभरापूर्वी नेलं होतं, तो चालत आला आणि त्यानं शिदूला उचलून खांद्यावर घेतलं. वर बसून शिदू एक बोट आभाळाकडं करून ओरडत सुटला, “पैला! पैला! पैला!”

खासनीस साहेब कागदपत्रं सोडून धावत आले. चष्मा पुसून त्यांनी एकदा शिदूकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

“मगदूम, अहो, तिसरा आलाय ना तो? मग हे पहिला-पहिला काय ओरडतोय?”

“ती दुसरी शर्यत, साहेब.”

“दुसरी? कोणती?”

“मोठी,” मी म्हणालो.